टोपी गुडघ्यावर

"बसू या की जरा," असं म्हणून मामा डोक्यावरची टोपी काढायचे आणि उजव्या गुडघ्यावर चढवायचे. एकदा ती टोपी गुडघ्यावर गेली की त्या बैठकीतून उठायची कुणाची टाप नव्हती.

बैठक म्हणजे सोयरिकीची. घोडनदीच्या काठचं आमचं गाव. तिथं कुणाच्या पोराचं नाहीतर पोरीचं जमवायचं म्हटलं की जीप ठरायच्या आधी मामा ठरायचे. मामा माझे सख्खे नव्हेत, शेजारचे. साऱ्या गावाचेच मामा. आता तुम्ही म्हणाल, सोयरीक जमवायला न्यायचा माणूस कसा पाहिजे? बोलका, पाहुण्यांवर छाप पाडणारा. अगदी बरोबर. आणि आमचं गाव न्यायचं ह्या माणसाला, जो जाताना जीपमध्ये "सरका" एवढं म्हणायचा आणि येताना तेही नाही.

तुमच्याही आळीत असा एखादा असेलच. आपण त्याला घुम्या म्हणतो, त्याच्यासमोर वाट्टेल ते बोलतो आणि तो ऐकतोय हे विसरून जातो.

मामांच्या घरी त्यांच्या वडलांपर्यंत मेंढरं होती. आमच्याही. मामांचं लहानपण मेंढरांमागं गेलं. माझी आई म्हणायची, "मेंढरांसंगं काय बोलायचं? तवापासून ऱ्हाऊनच गेलं त्यांचं बोलायचं." मामी मात्र दोघांच्या वाटणीचं बोलायच्या. "लग्नात ह्यांना नाव घ्या म्हणलं, तर म्हणाले बघू. अजून बघत्यातच," हे त्या गावातल्या प्रत्येक लग्नात सांगायच्या आणि मामा प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकायचे.

पाहुण्यांकडे तर मजाच व्हायची. चार माणसांत जो बोलत नाही तो बडी असामी, असं लोक धरून चालतात. पहिला चहा मामांना, गादीवरची जागा मामांना. राहू गावात एकदा मुलीकडच्यांनी मामांनाच मुलाचे वडील समजून लोडाला टेकवलं आणि खऱ्या बापाला जीपचा ड्रायव्हर समजून दारात, चपलांजवळ बसवलं. मामांनी खुलासा करावा की नाही? छे! ते उठले, खऱ्या बापाला दंडाला धरून लोडाशी आणून बसवलं आणि स्वतः चपलांपाशी जाऊन टेकले. तिथून स्वयंपाकघरात काय चाललंय ते सरळ दिसत होतं, हे आमच्या लोकांना माघारी येताना कळलं.

हळूहळू त्या टोपीचा एक कायदाच झाला. टोपी गुडघ्यावर असेस्तोवर बोलणी चालू. चहाच्या आत डोक्यावर गेली तर नकार. चहा झाल्यावर निवांत, दोन्ही हातांनी गेली तर सुपारी फोडायला हरकत नाही. हा कायदा मामांनी केला नव्हता, गावानं केला होता. मामांना विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

त्यापायी केडगावला फजिती झाली. माझ्या चुलतभावासाठी मुलगी बघायला गेले होते. घर चांगलं, माणसं चांगली आणि मामांनी चहा यायच्या आतच टोपी डोक्यावर घातली. आमची सगळी मंडळी ताडकन उठली. पाहुणे हादरले. "अवो, निदान पोहं तरी खावा!" "न्हाई न्हाई, निघतो." जीप चौफुल्याला आल्यावर चुलत्यांनी हळूच विचारलं, "मामा, काय खटकलं?"

"कूलर व्हता," मामा म्हणाले. "टकुऱ्याला गार लागत व्हतं."

जीप तिथूनच माघारी फिरली. ती मुलगी आज माझी वहिनी आहे आणि कूलरचा विषय निघाला की अजून तिचं डोकं फिरतं.

मग माझी पाळी आली. नव्वदनंतरची चार-पाच वर्षं उलटली होती, मी दहावी होऊन शिवणकाम शिकले होते. माझा घोळ वेगळाच होता. मी गप्प बसायची नाही. सकाळी उठल्यापासून जे चालू व्हायची ते झोप लागेपर्यंत. "पाव्हण्यांपुढं मान खाली आन् तोंडाला कुलूप," आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, बजावून ठेवलं होतं.

पहिलं स्थळ शिरूरचं. भर पेठेत दुकान. मुलगा आला, बसला, एक शब्द बोलला नाही. जे बोलायचं ते त्याची आई बोलली. आण्णा खूश. "गरीब पोरगं हाय," असं आईला आत येऊन सांगून गेले. आम्हाला वाटलं, चला, मामांना त्यांच्या पंथातला माणूस मिळाला. आणि मामांनी अर्धा चहा तसाच ठेवून टोपी घातली. ह्या वेळी माझ्या भावानं आधी पंखा बघून घेतला. पंखा बंद होता.

पाहुणे गेल्यावर आण्णा तडकले. "मामा, तुमच्यावानीच हाय की त्यो! एक शबुद न्हाई बोलला."

"व्हय."

"मग?"

"त्याची आय कायतरी सांगत व्हती. त्यानं तिच्याकडं नुसतं बघितलं. ती गप झाली. बोलणं पुरं बी केलं न्हाई." मग चपला शोधता शोधता म्हणाले, "त्यो गप न्हाई. दबा धरून बसलाय."

मलाही आठवलं. ती बाई धाकट्या लेकीच्या बाळंतपणाचं सांगत होती आणि मध्येच थांबून पदर सारखा करायला लागली होती. मी पोह्यांचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते. मी बघितलं होतं, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

दुसरं स्थळ दौंडचं. मुलगा कुरकुंभच्या कंपनीत. सोबत वडील, काका आणि मध्यस्थ पाहुणा. हाही गप्पच. पण हा घामानं भिजला होता. काकांनी कोपरानं ढोसलं, "विचार की पोरीला काय विचारायचं ते." त्यानं माझ्याकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. खोलीत कुणाचाच आवाज नाही. आता मला सांगा, अशी शांतता माझ्यासारखीनं किती वेळ सहन करायची?

"मीच सांगते," मी म्हणाले, आणि सुटलेच. नाव, शाळा, शिवणकाम, कुठल्या झंपरचा गळा अजून जमत नाही, सकाळी पोह्यांत शेळीनं कसं तोंड घातलं म्हणून दुसरे करावे लागले, आणि तुम्ही बसलाय त्या खुर्चीचा मागचा पाय तारेनं बांधलाय, रेलू नका. आण्णा डोळे वटारून बघत होते. आईनं दाराआड कपाळाला हात लावला असणार. मुलाचे काका हसत हसत म्हणाले, "बास बास, कळलं."

तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "सांगू द्या त्यांना."

तेवढंच. मी अजून थोडं सांगितलं. तो ऐकत होता, म्हणजे खरंच ऐकत होता. जाताना त्यानं ती खुर्ची उचलली, तारेचा पाय भिंतीकडं करून ठेवली आणि मगच चपला घातल्या.

ते तिघं गेले. मध्यस्थ पाहुणा निरोप न्यायला मागं थांबला, अंगणात मोटारसायकलवर एक पाय टेकून. आमच्याकडं नकार असला तर त्याच दिवशी कळवायची रीत. आणि घरात सगळ्यांचं ठरलंच होतं.

"मुकं हाय पोरगं," आण्णा म्हणाले. "उद्या पोरीला सासरी काय जड गेलं, तर ह्यो काय बोलणार?"

"कंपनीत सायबापुढं तरी तोंड उघडत असंल का?" भाऊ म्हणाला.

"पोरगी येडी हुईल त्या घरात," आईनं भर घातली.

मी दाराच्या पडद्याआड उभी होते. मला तो मुलगा हवा होता. आणि गावभर जिच्या तोंडाला लगाम नाही अशा मला तेवढं सांगता येईना. आमच्यात मुलीला विचारत नसत. न विचारता सांगितलं तर आण्णा काय म्हणतील, ही भीती होती. पाहुण्यानं मोटारसायकलला किक मारली की माझा विषय संपणार होता.

"मामा, नकार कळवतो मग," आण्णा म्हणाले.

"बसू या की जरा."

टोपी गुडघ्यावरच होती. आण्णा बसले. त्यांनी सगळी कारणं पुन्हा सांगितली. मामा ऐकत राहिले. दूध काढायची वेळ झाली, गोठ्यात म्हैस ओरडायला लागली. आण्णांनी कारणं तिसऱ्यांदा सांगितली, पण आता त्यांच्या आवाजात तो जोर नव्हता. पाहुणा मोटारसायकलवरून उतरून ओट्यावर येऊन टेकला. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. मामा बसल्या जागेवरून पडद्याकडं बघत होते. पडद्याखालून माझी पावलं दिसत असणार.

शेवटी आईच म्हणाली, "मामा, तुमीच बोला की कायतरी."

"मी काय बोलू?" मामा म्हणाले. "मला कुठं नांदाया जायचंय?"

पुन्हा शांत. ह्या वेळी ती शांतता माझ्यासाठीच मोकळी ठेवलेली होती, हे माझ्यासारख्या बडबडीलाही कळलं. मी पडदा सारून बाहेर आले.

"मला पसंत हाय."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग मामांकडं. "कशापायी?"

"त्यांनी मला पुरं बोलू दिलं," मी म्हणाले आणि तिथंच रडायला लागले.

मामांनी टोपी झटकली, दोन्ही हातांनी नीट डोक्यावर बसवली आणि म्हशीकडं बोट करून आण्णांना म्हणाले, "तिला बघा आधी." आणि गेले घरी.

लग्न होऊन मी दौंडला आले. शिवणक्लास काढला, तिथं मशीनपेक्षा माझाच आवाज जास्त. आमचे हे माहेरी आले की मामांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. दोघं शेजारी शेजारी, तोंडं रस्त्याकडं. तास-दीड तास. उठताना मामा समाधानानं म्हणायचे, "लई गप्पा झाल्या आज."

पुढं ह्यांच्या कंपनीत ट्रेनिंगची टूम निघाली. पुण्याहून टाय लावलेले सर आले. त्यांनी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या आणि ह्यांना सांगितलं, तुम्ही इंट्रोव्हर्ट आहात, गप्प माणसांचे चार प्रकार असतात, त्यातला तुमचा अमुक. ह्यांनी ते ओट्यावर मामांना सांगितलं. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर घातली, म्हणजे विषय त्यांना गंभीर वाटला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "चारच?"

आणि मग मामा गेले. आजारपण नाही, काही नाही. दुपारी ओट्यावर बसले होते ते बसूनच गेले. मामी दोनदा चहा झाल्याचं सांगून आल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. एरवी तरी ते कुठं उत्तर देत होते, असं म्हणून त्या बाईनं जो हंबरडा फोडला, तो मला अजून ऐकू येतो.

दशक्रिया घोडनदीच्या घाटावर. आमच्याकडं दशक्रियेला माईक लागतो, तुम्हाला माहीतच आहे. मामांच्या वाट्याला सहा-सात भाषणं आली. तालुक्याचे एक पुढारी त्या सकाळी दुसऱ्या दोन दशक्रिया उरकून घाईनं आले होते. त्यांनी मामांना 'परखड आणि स्पष्टवक्ते' म्हणून श्रद्धांजली वाहिली. आम्ही बायकांनी पदर तोंडात कोंबले. मलाही हसू आलं, आणि त्याच हसण्यात रडूही आलं.

पण पिंडाला कावळा शिवेना. पलीकडं बाभळीवर पाच-सहा बसले होते, एकही खाली येईना. ऊन चढलं. माईकवरून वचनं सुरू झाली. पुतण्या म्हणाला, बांधाचं भांडण मिटवतो. कुणी म्हणालं, मामींना अंतर देणार नाही. कावळे हलेनात. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले.

मामींचा जीव टांगणीला लागला. माझा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या, "काय ऱ्हायलं गं ह्यांचं? जल्मात कवा कायी मागितलं न्हाई, सांगितलं न्हाई. आता मला कसं कळावं?"

तेवढ्यात आमचे हे उठले आणि माईककडं चालायला लागले. हा माणूस भाषण करणार? माईकपाशी उभ्या असलेल्या माणसानं माईक पुढं केला. ह्यांनी तो घेतला नाही. खाली वाकून मशीनचं बटण बंद केलं. मग येऊन मामींच्या शेजारी मातीत मांडी घालून बसले.

"बसू या की जरा," हे म्हणाले.

पुढारी अर्धे उठले होते, ते परत टेकले. माणसं गप्प झाली. आधी कुजबुज थांबली, मग खोकणं. नदीचं पाणी दगडाला लागत होतं ते ऐकू यायला लागलं. मीसुद्धा बोलत नव्हते.

बाभळीवरनं एक कावळा उतरला. दोन उड्या मारून पिंडापाशी आला आणि त्यानं चोच घातली.

मामींनी माझा हात सोडला. पदरानं डोळे पुसत पिंडाकडं बघून म्हणाल्या, "एवढंच पायजे व्हतं व्हय? मग सांगायचं की!"