आर्निकाच्या गोळ्या

सिंदेवाहीजवळच्या एका गावात गुणवंतराव मास्तर दिवसा मुलांना शिकवत आणि संध्याकाळी ओसरीवर होमिओपॅथीची पेटी उघडून बसत. पेटी नागपूरची, विद्या पुस्तकातली, हौस मात्र अस्सल घरची! त्यात त्यांची लाडकी आर्निका. मुका मार लागला की आर्निका. पुस्तकात तिचं चित्र होतं: थंड मुलखातल्या डोंगरांवरचं, झेंडूच्या कुळातलं पिवळं रानफूल. बर्फाखाली मुळं जगवायची आणि दर उन्हाळ्यात पुन्हा फुलायचं, असा त्याचा चिवटपणा. कुठलं ते फूल, आणि कुठली ही चांदा जिल्ह्यातली दुखणी! त्यांची गाठ आपण घातली, हे मास्तर येईल त्याला ऐकवत.

तळ्यात मासे धरणारा लटारू नेमानं येई. मोठा अदबीचा माणूस, लांबूनच हात जोडायचा. “गुरुजी, कुंता तळ्याच्या पाळीवरून पडली जी.” बायकोसाठी गोळ्या घेऊन जायचा. पुढं कुंताला म्हशीनं ढुसणी दिली, मग तिचा विहिरीवर पाय घसरला.

एकदा मास्तरांच्या बायकोनं, आशाबाईंनी, सुनावलंच. “काऊन जी, पाळीवरून पडलेल्या बाईच्या पाठीवर पाच बोटं उमटतेत का?”

मास्तरांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. “आपलं काम औषध द्याचं,” ते म्हणाले, आणि लटारूनं आणून दिलेला मासा मिटक्या मारत खाल्ला.

मग एका दुपारी कुंता एकटीच आली. “गुरुजी, मले गोळ्या देऊ नोका.”

“काऊन? गुण नाई येत?”

“येते ना, तेच तं! पयले मार बसला का मले उठताच नोव्हतं येत. मंग त्यालेच चूल फुकावं लागे, बजारात टोपली घेऊन बसावं लागे. लोक इचारत, बायको कुठी हाये? शरमेनं मंग लय दिस हात नाई उचले. आता मी दुसऱ्याच दिशी कामाले लागून राह्यली. त्याले आता कोनाचं भेव?”

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मार लटारूचा, पण त्याला मोकळं रान दिलं होतं त्यांच्या पेटीनं. मान वर न करताच ते म्हणाले, “आता येऊ दे त्याले. तोंडावर सांगतो, बायकोवर हात टाकशील तं माझ्या ओसरीवर पाय ठेवू नोको.”

बाजाराच्या दिवशी लटारू आला. मागं डोक्यावर टोपली घेतलेली कुंता. ओसरीवर गावातली चार प्रतिष्ठित मंडळी बसलेली. या वेळी त्यानं पाळीचं नि म्हशीचं नावही घेतलं नाही. “हात जरा जोरात लागला जी,” म्हणाला आणि नेहमीसारखाच हात जोडून हसत उभा राहिला.

मास्तरांनी घसा खाकरला. शब्द ओठांशी आले होते. भरलेली बाटली मांडीशीच होती, ती त्यांनी धोतराच्या सोग्याखाली सरकवली.

“औषध संपलं,” ते म्हणाले.

“मंग कवा येईन जी?”

“नागपूरहून यायचं आहे. दिवाळीपर्यंत येईल.”

“बरं बरं,” लटारू समजूतदारपणे म्हणाला, “तवर हात जपून टाकतो मंग.”

मंडळी हसली. कुंतानं मास्तरांकडं एकदा पाहिलं, डोक्यावरची टोपली नीट केली आणि नवऱ्यामागून चालू लागली.