संदीपचं नाव आधीच कुणीतरी घेतलं होतं

मंडळी, आज दुपारी तो नवा ऑनलाइन गेम एकदाचा सुरू झाला. चॅटमध्ये नुसत्या शिव्या. सर्व्हर पडतोय, ग्राफिक्स भंगार, याच्यासाठी वर्षभर थांबलो का?

सगळ्यात जास्त वाट पाहिली होती ती आमच्या खर्ड्याच्या संदीपनं. दिवाळीत तो अपघातात गेला. आमच्या टीमचा म्होरक्या तोच. कुठलाही गेम असो, सगळे आल्याशिवाय तो कुणालाच पहिल्या गावाच्या वेशीबाहेर जाऊ द्यायचा नाही.

'खर्ड्याचा किल्लेदार' हे त्याचं गेममधलं नाव. ते दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून मी केडगावातून आणि टीममधल्या सचिननं कर्जतहून लगेच लॉगिन केलं. पण नाव आधीच गेलेलं!

पहिल्याच गावात त्या नावाचा योद्धा भिंतीकडं तोंड करून उभा होता. सचिन तापला. त्यानं लिहिलं, "नाव सोड, चोरा. आमच्या भावाचं हाय ते."

उत्तर आलं. "मी संदीपची बहीन. त्याचा मोबाईल माझ्याकडं हाय. नाव दुसऱ्याला जाऊ नये म्हनून घेतलं. मला हे चालवता येत न्हाई."

बाकीचे खेळाडू कंपनीच्या नावानं बोंबलत आमच्या शेजारून पुढं पळत होते. आम्ही तिथंच थांबलो. सचिननं ताईंना वळायला, चालायला शिकवलं.

वळल्यावर त्यांनी विचारलं, "आता कुठं जायचं?"

खरं सांगतो, ते कायम संदीपच सांगायचा.