झिवोयिनचं न दिसणारं क्षेपणास्त्र

झिवोयिनच्या हातचं ओकचं पिंप तीस वर्षं गळत नसे, आणि हे गावाला सांगायला दुसरं कुणी लागत नसे, तो स्वतःच सांगे. नव्याण्णवच्या युद्धात सर्बियाच्या फौजेला खोटी क्षेपणास्त्रं हवी झाली, तेव्हा लेफ्टनंट दुसऱ्या कुणाच्या दारी जाणार होता? खोटी माळावर मांडायची, शत्रूच्या विमानांनी त्यांच्यावर बॉम्ब टाकायचे, आणि खरी टेकडीमागे सुखरूप. टेकडीमागच्या त्या खऱ्या क्षेपणास्त्रांच्या तुकडीत झिवोयिनचा एकुलता एक मुलगा मिलुटिन रडारवर बसलेला होता.

म्हणून झिवोयिनने जीव ओतला. तुतीचं लाकूड, एक खिळा नाही, सगळे सांधे कोरून बसवलेले, वर हिरव्या रंगाचे तीन हात. शेजारच्या सावाने मात्र सांडपाण्याचे लोखंडी पाईप तारेने करकचून मोडक्या ट्रॉलीला बांधले.

"सावा, हे क्षेपणास्त्र की तुझ्या सासूचं बिऱ्हाड?" झिवोयिनने विचारलं.

तीन दिवसांत विमानं आली आणि सासूचं बिऱ्हाड उडवून गेली. सावाने नवं बांधलं, तेही उडालं. तुतीच्या कलाकृतीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

"माझ्या कामाला परदेशातूनही मागणी आहे हो!" सावा कुंपणावरून ओरडला.

झिवोयिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने लेफ्टनंटला गाठलं. तो बिचारा हसू दाबत म्हणाला, "बाबा, रडारला लाकूड दिसत नाही, धातू दिसतो. न दिसणारं विमान करायला त्या लोकांनी डोंगराएवढा पैसा ओतला. तुम्ही ते तुतीत करून दाखवलंत!"

पण हसण्याचे दिवस नव्हते. सावाचे पाईप संपले होते. आता माळावर विमानांना दिसेल असं काही उरलं नव्हतं, दिसेल ते टेकडीमागचंच. गावातला पत्रा फौजेने आधीच नेलेला.

झिवोयिन परसात आला. तिथे त्याच्या बायकोच्या, देसांकाच्या, माहेरचं कझान होतं, प्लमची दारू गाळायचं तांब्याचं भांडं. तिच्या आजोबांपासूनचं.

"बघतोस काय? हातोडा आण," देसांका म्हणाली. भांडं तिनेच ठोकून सपाट केलं. रडली, शिव्या घातल्या, पण एक घाव चुकला नाही. तो तांब्याचा पत्रा वर चढवताना तुतीच्या क्षेपणास्त्राला जन्मात पहिल्यांदा खिळे लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते उडालं. नवराबायको अंगणात एकमेकांच्या गळ्यात पडून नाचली.

जूनमध्ये मिलुटिन धडधाकट घरी आला. ऑगस्टमध्ये प्लम पिकले, तेव्हा त्याने विचारलं, "बाबा, कझान कुठाय?"

झिवोयिनने सगळं रंगवून सांगितलं. तारीखही सांगितली.

मिलुटिनने बोटांवर दिवस मोजले. "बाबा, आम्ही रोज जागा बदलायचो. त्या टेकडीमागून तर आठवडाभर आधीच निघालो होतो. तिथे चिटपाखरूही नव्हतं."

झिवोयिनने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आईला बोलू नकोस हं."

"ऐकलं मी," स्वयंपाकघरातून देसांका म्हणाली. ती पदर खोचावा तशा बाह्या वर करत बाहेर आली, पोराला कडकडून मिठी मारली, आणि त्याच्या खांद्यावरून नवऱ्याला म्हणाली, "प्लमच्या टोपल्या उचल. सावाच्या कझानवर नंबर लावायचाय. आणि गोड बोल त्याच्याशी."