कीपरचं जाळं

आरोंद्याच्या बंदरावर काल वाळत घातलेल्या जाळ्यांचा खारट, कुबट वास आला आणि मला तो गोल आठवला.

सामना खाडीपलीकडच्या गावाशी होता. चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावर दरवर्षी भांडणं व्हायची. म्हणून त्या वर्षी त्यांचा गोलकीपर होडीतून स्वतःची दोन मासेमारीची जाळी घेऊन आला आणि आम्ही ती दोन्ही गोलांना बांधली.

शेवटच्या मिनिटाला मी मारलेला चेंडू थेट मागच्या माडावर जाऊन आपटला. पंच म्हणाले, "बाहेरून गेला." आमची पोरं त्यांच्या अंगावर धावली.

कीपर मात्र सावकाश जाळ्यापाशी गेला. त्याने एक भोक बोटांनी चाचपलं.

"जाळां माजां. काल सांजेक सगळां शिवलंय, तेवा ह्यां भोक नाय हुतां," तो म्हणाला. "गोल झालो."

आम्ही जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेऊन चर्चपर्यंत नाचवलं. वळून पाहिलं तेव्हा तो खाली बसून भोक शिवत होता.

चाळीस वर्षं मी तो गोल माझा म्हणून सांगत आलो. त्याचं नाव मी त्या दिवशीही विचारलं नव्हतं.