पाण्याच्या वेळेची सहा पानं

ती घटना आठवली, की आधी कानात वाजते आमच्या प्रिंटरची करकर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ठाण्यातल्या एका पोलीस स्टेशनला मी फौजदार होते आणि नव्याने आलेल्या कॉम्प्युटरला हात लावणारी मी एकटीच. बाकीचे लांबूनच नमस्कार करायचे. मलाही कुणी शिकवलं नाही हो, बटणं दाबत दाबत शिकले.

वर्तकनगरकडच्या एका वसाहतीत दिवसाढवळ्या चोऱ्या होत होत्या. कुलूप तुटलेलं नाही, आवाज नाही. तिथल्या एका आजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, चोर पाण्याच्या वेळेला येतो." तेव्हा पाण्याला जोर नसायचा. पाणी आलं की बायका हंडे घेऊन खालच्या नळावर, घराचं दार नुसतं ओढलेलं.

मग मी फिर्यादींतल्या वेळा कॉम्प्युटरवर चढवल्या. आकड्यांची चित्रं काढणारा एक प्रोग्राम होता त्यात. प्रत्येक इमारतीची एक पट्टी, तिच्यावर पाण्याची वेळ आणि चोरीची वेळ. प्रिंट काळीच निघायची, म्हणून लेकीच्या रंगीत पेन्सिलींनी रंगवली. सहा पानं, गोष्टीसारखी एकापुढे एक. पाणी एका इमारतीतून दुसरीकडे सरकत होतं आणि चोरी त्याच्या पाठोपाठ. गोष्टीला शेवट हवा, म्हणून सहाव्या पानावर मी लिहिलं, चावीवाला. म्हणजे रस्त्यावरचा व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणारा माणूस. साहेब खूश. बाई, तुम्ही तर सिनेमाच काढलात, म्हणाले, आणि त्याला चौकशीला आणवलं.

रोजंदारीवरचा, पन्नाशीचा माणूस. त्याला कायम करायचा कागद वर गेलेला. पोलिसांत नाव लागलं की तो कागद परत येणार, हे त्याला ठाऊक होतं. दोन तास विचारलं, उत्तर एकच, मी नाही. शेवटी मी पानं त्याच्यापुढे पसरली आणि कुठला रंग कशाचा ते सांगितलं. तो बराच वेळ पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिला.

"वेळा बरोबर आहेत, बाई. पण या वेळेला मी चावी धरून खड्ड्यात उभा असतो. वर चार बायका शिव्या घालत असतात, पाणी कमी सोडलं म्हणून. त्यांनाच विचारा."

"मग पाण्यामागून फिरतं कोण?"

"गळका नळ पाणी आल्याशिवाय कळतो का? वॉशरवाला फिरतो."

नळाला वॉशर बसवणारा. हवालदाराने त्या बायकांकडून खात्री करून घेतली आणि चावीवाल्याला आम्ही तेव्हाच सोडलं. डायरीत चौकशीचीच नोंद होती, अटकेची नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला साध्या वेशात जिन्यात थांबलो. खालचा नळ खोलून ठेवून, 'वरचा कॉक बघून येतो' म्हणत वॉशरवाला चढला, आणि मुद्देमालासकट सापडला. जबाबात प्रत्येकीने सांगितलं होतं, परकं कुणी आलं नाही. तो त्यांना परका नव्हताच.

माझं चित्र चोरी कधी होते, एवढंच सांगत होतं. कोण करतो, ते मी सांगत होते. पुढे नोकरीभर कुठलाही तक्ता हाती आला, की यात कागद किती बोलतोय आणि मी किती बोलतेय, हे आधी पाहायचे.

चावीवाल्याला निरोप धाडून बोलावलं आणि सहावं पान त्याच्यासमोर फाडलं. त्याचा कागद काही अडला नाही. उरलेली पाच पानं मात्र त्याने मागून घेतली.

"बारा वर्षं पाणी सोडतोय, बाई," तो म्हणाला. "ते कुठून कुठे जातं, असं कधी बघितलं नव्हतं."