फौजदारबाईंची कॅसेट

वाचनालयाच्या फाटकावर फळा लागला होता: ‘जुन्या कॅसेट घेऊन या. त्यातला आवाज मोबाइलवर उतरवून देऊ. विनामूल्य.’ फौजदारबाईंनी तो आधी समोरून वाचला, मग फळ्याच्या मागे जाऊन पाहिलं. मागे बारीक अक्षरात काही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे तर त्यांचा संशय जास्तच बळावला.

फौजदारबाई म्हणजे पोलिसात वगैरे नव्हत्या बरं का. त्यांचा नवरा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा आणि बिघडलेले दुरुस्त करायचा. गिऱ्हाईक सांभाळायचं काम बाईंकडे. सभेला नाहीतर शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेलेला भोंगा परत आला की त्या तो चारही बाजूंनी फिरवून बघायच्या, परत घेऊन आलेल्या माणसाची अशी उलटतपासणी घ्यायच्या की तो बिचारा न केलेला पोचाही कबूल करायचा. तेव्हा चिकटलेलं हे नाव पुढे दुकान गेलं तरी गेलं नाही. दूध आलं की पातेल्यात बोट, भाजी घेतली की आधी तराजूच्या खाली नजर. विहीणबाईंनी प्रेमाने पाठवलेला डबासुद्धा आधी हुंगल्याशिवाय उघडायच्या नाहीत. कुणी म्हणालं, ‘अहो, जरा विश्वास ठेवा की,’ तर उत्तर ठरलेलं: ‘विश्वास पानिपतात गेला.’

आता अशी बाई जन्मतः अशी असते का? नसते. लेक मांडीवर होती तेव्हाच नवरा गेला, एका दुखण्यात, काही कळायच्या आत. तेराव्या दिवसाची वाटही न बघता दीर आला. ‘वहिनी, दादाची आठवण म्हणून हा अँप्लिफायर नेतो.’ नेला. मग आठवण म्हणून माईक नेला. मग भोंगे, मग टेपरेकॉर्डर. आठवणी नेता नेता त्याने दुकान रिकामं केलं, आणि पुढल्या गल्लीत स्वतःच्या नावाची पाटी लावली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाईंनी ताक प्यायचंच सोडून दिलं.

एक गोष्ट मात्र दिराच्या हाती लागली नाही. एक कॅसेट. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा नवऱ्याने तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन स्वतःच जुळवलेलं एक वेडंबागडं गाणं म्हटलं होतं, मध्येमध्ये तिच्याशी गप्पा मारल्या होत्या, आणि ते सगळं टेप केलं होतं. त्या माणसाचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नव्हता.

कॅसेट लपवायची कुठे? कपाट, ट्रंक, डब्याचा तळ या जागा तर चोरालाही पाठ असतात. दिराने एकच वस्तू मागे सोडली होती, एक जळका स्पीकर, पेटीएवढा, कवडीमोलाचा. बाईंनी त्याची मागची फळी उघडली, कॅसेट रुमालात गुंडाळली, आतल्या जाड गोल चकतीला दोरीने घट्ट बांधली आणि फळी परत ठोकली. वर एक कुंडी ठेवली. जळका स्पीकर कोण कशाला चोरेल? स्वतःच्या अकलेवर त्या तेव्हा बेहद्द खूश झाल्या होत्या. ही जागा त्यांनी कुणालाही सांगितली नाही, लेकीलासुद्धा नाही.

लेक मोठी होत गेली आणि विचारत गेली. ‘आई, बाबांचा आवाज कसा होता गं?’

‘भारदस्त.’

‘म्हणजे कसा?’

‘भारदस्त म्हणजे भारदस्त. किती विचारशील?’

‘मग ऐकव ना.’

घरात वाजवायला यंत्र नव्हतं. शेजारणीकडे होतं, पण त्याने एकदा शेजारणीचीच फीत चघळून बाहेर काढलेली बाईंनी डोळ्यांनी पाहिली होती. दुकानात द्यावी, तर दुकानदार ठेवून घेईल, बदलून देईल. लेक शाळेत होती तेव्हा ‘मोठी झालीस की’, कॉलेजात गेली तेव्हा ‘लग्न झालं की’. लग्न झालं. लेक औषधांच्या दुकानात कामाला लागली, तिलाच आता दिवस राहिले होते. वाचनालयाचा फळा तिनेच पहिल्यांदा पाहिला.

‘कॅसेटलाही वय असतं, आई,’ ती म्हणाली. ‘उद्या कुजली तर संपलंच. मला बाबांचा आवाज एकदा ऐकायचाय. दुसरं मी तुझ्याकडे काही मागत नाही.’

‘फुकट का करून देतायत ते?’

‘वाचनालय आहे ते. असले कार्यक्रम करतात लोकांसाठी.’

‘लोकांसाठी कुणी काही करत नसतं. पाणी कुठेतरी मुरतंय.’

लेक उठली. ‘ठीक आहे. मी परत नाही विचारणार.’ आणि खरंच विचारेना. भांडली असती तर बाईंना चाललं असतं, भांडणात त्यांचा हात कोण धरणार होतं? पण ती यायची, औषधं द्यायची, बसायची आणि कॅसेटचं नावही काढायची नाही. हे मात्र बाईंना सोसेना. म्हणून त्यांनी तपास हाती घेतला.

वाचनालय आणि संग्रहालय एकाच आवारात होती, आणि तिथे काही ना काही फुकट चालूच असायचं. बाई सगळ्याला जायला लागल्या. गुडघ्यांची काळजी यावर डॉक्टरीणबाईंचं भाषण झालं, बाई मागच्या रांगेत, आता तेलाची बाटली कधी बाहेर निघते याची वाट बघत. निघालीच नाही. लहान मुलांच्या गोष्टीच्या तासाला त्या टीचभर खुर्चीवर अवघडून बसल्या, मुलांकडून घरचा पत्ता काढून घेतात का ते बघायला. मुलांना फक्त हत्तीचा आवाज काढायला सांगितलं. संग्रहालयात फुटक्या मडक्यांचे तुकडे जोडायला शिकवत होते. तिथल्या दारात देणगीची पेटी दिसली तेव्हा बाई मनात म्हणाल्या, घ्या, आलं पोटातलं ओठावर. त्या पेटीशेजारी ठाण मांडून उभ्या राहिल्या, कुणाला अडवतात का बघत. लोक पेटीकडे न बघता निघून गेले, आणि त्यांना कुणी हटकलं नाही. उलट पहारेकऱ्याने बाईंनाच बसायला स्टूल आणून दिलं.

हे सगळं बघून ग्रंथपालबाईंचा भलताच समज झाला. त्यांनी फौजदारबाईंसाठी पुढच्या रांगेत खुर्ची राखायला सुरुवात केली. ‘काकू, तुमच्याइतकं मन लावून कुणी येत नाही,’ त्या म्हणाल्या.

गोड बोलते, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं मनाशी म्हणत बाईंनी सरळ विचारलं, ‘तुम्हाला यात काय मिळतं?’

‘पगार मिळतो, काकू.’

‘आणि वर?’

‘वर चहा. तोही बेचव.’

बाईंनी हे उत्तर घरी जाऊन उलटंपालटं करून पाहिलं. कुठे शिवण उसवलेली सापडेना. शेवटी कॅसेटच्या कार्यक्रमाच्या सकाळी, लेक यायच्या आधी, दार लावून घेऊन त्यांनी कुंडी उतरवली, फळी उचकटली आणि कॅसेट बाहेर काढली. अदलाबदल होऊ नये म्हणून कोपऱ्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला.

काम मागच्या खोलीत चाललं होतं. टेबलावर एक यंत्र, दोन छोटे स्पीकर आणि मागे एक उतारवयाचे गृहस्थ, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. एका माणसाला दोन चष्मे कशाला लागतात, हा बाईंचा पहिला प्रश्न. चष्मेवाल्यांनी कॅसेट मागितली तर बाईंनी ती हातातून सोडली नाही, स्वतःच टेबलावर ठेवली आणि बोट वर ठेवून बसल्या.

‘काकू, बोट काढल्याशिवाय कसं करू?’

‘बघून करा.’

‘आई,’ लेक म्हणाली. बोट निघालं.

चष्मेवाल्यांनी पेन्सिलीने चाक फिरवून ढिली फीत ताणली. बाईंनी विचारलं काय करताय, त्यांनी सांगितलं. त्यांनी कॅसेट यंत्रात घातली. बाईंनी विचारलं, झाकण का लावलंत, त्यांनी तेही सांगितलं. माणूस चिडेना, हेही बाईंच्या डोळ्यांत खुपलं. लेकीने दोन्ही हात पोटावर ठेवले होते. बटण दाबलं गेलं.

खरखर. चष्मेवाल्यांनी फीत पुढे नेली. खरखर. बाजू बदलली. तिथेही तेच, फक्त एके ठिकाणी खूप खोलवर कुणीतरी पुटपुटल्याचा भास झाला आणि विरला. त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘फीत पुसली गेलीय,’ ते म्हणाले.

‘पुसली गेलीय म्हणजे?’ लेक उभी राहिली. ‘आपोआप? आत्तापर्यंत माझ्या आईने जिवापाड जपली, तुमच्या हातात दिली आणि पुसली गेली? कोणतं बटण दाबलंत तुम्ही? ती सांगत होती मला, देऊ नकोस, फुकट कुणी काही करत नाही. मीच मूर्ख.’ तिचा आवाज चढला तशा ग्रंथपालबाई धावत आल्या. ‘लिहून द्या मला, तुमच्याकडून खराब झाली म्हणून. मी सोडणार नाही.’

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी बाईंना बरं वाटलं. वाईट आहे, पण वाटलं. आयुष्यभर ज्या चोराची वाट पाहिली तो एकदाचा समोर बसला होता, आणि लेक त्यांच्या बाजूने उभी होती. इतक्या वर्षांत ती त्यांच्या बाजूने अशी कधी उभी राहिली नव्हती.

चष्मेवाले गोरेमोरे झाले होते. ‘ताई, वाजवण्याने पुसत नाही हो. चुंबकाने पुसते. कुठे ठेवली होती ही? टीव्ही, स्पीकर, असं काही जवळ?’

नवरा ओरडायचा ते बाईंच्या कानात आलं: अगं, त्या कॅसेटी स्पीकरवर ठेवू नकोस, किती वेळा सांगायचं. बाईंना वाटायचं, धडधडीने खाली पडतील म्हणून ओरडतो. आणि ती जाड गोल चकती. दुकानात सांडलेले खिळे तसलीच चकती वर धरून गोळा करायचा तो. बाईंनी शेकडो वेळा पाहिलं होतं.

‘नव्हती’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. जागा कुणालाच ठाऊक नव्हती. लेक जन्मभर या चष्मेवाल्यांना शिव्या देत राहिली असती, आणि बाळालाही हेच शिकवलं असतं, की फुकट कुणी काही करत नाही.

‘त्यांना बोलू नकोस,’ बाई म्हणाल्या. ‘त्यांनी नाही पुसली. मी पुसली.’

‘काय बोलतेस तू?’

‘स्पीकरात ठेवली होती. चुंबकाला बांधून.’

‘कुठल्या स्पीकरात?’

‘कुंडीखालच्या.’

लेक हळूच खाली बसली. ‘मी त्याला टेकून बसून अभ्यास करायचे, आई.’

‘हो.’

‘मला एकदा तरी सांगायचंस. पाचवीत आम्हाला चुंबक शिकवलं होतं. मी लगेच म्हटलं असतं.’

‘तू कुणाजवळ बोलून जाशील, अशी भीती वाटली.’

‘माझ्यावरसुद्धा विश्वास नाही?’

माझ्या हाताने मी माझ्या पोरीच्या बापाला पुसलं, एवढंच बाईंच्या मनात फिरत होतं, आणि दिराला शिव्या देण्यात घालवलेली वर्षं अंगावर येत होती. ग्रंथपालबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. बाईंनी तो न बघता पिऊन टाकला.

चष्मेवाले मात्र काम थांबवून बसले नव्हते. त्यांनी पहिली बाजू परत लावली, फीत अगदी सुरुवातीला नेली. ‘सगळ्यात बाहेरचा वेढा चुंबकापासून जरा लांब पडतो,’ ते म्हणाले. ‘आशा लावत नाही. पण ऐकू या.’ त्यांनी आवाज वाढवला.

खरखर झाली, मग खाकरण्याचा आवाज. ‘हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन. हॅलो. आवाज येतोय का?’ आणि पुन्हा खरखर.

आवाज बारीक होता. बारीक आणि थोडा नाकातला.

‘हे बाबा?’ लेकीने विचारलं.

‘हेच.’

‘तू तर भारदस्त म्हणायचीस.’

‘मी विसरले होते गं,’ बाई म्हणाल्या. ‘कधी विसरले तेही कळलं नाही.’

लेक हसली आणि हसताहसता तिने ओढणी तोंडावर धरली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘परत लावा ना.’ चष्मेवाल्यांनी लावलं.

कुठल्याही सभेआधी नवरा माईकपाशी उभा राहायचा आणि बाई मैदानाच्या पार टोकाला. तो विचारायचा, आवाज येतोय का. बाईंनी तिथून हात वर केला की तो पुढचं बोलायला लागायचा.

‘हॅलो. आवाज येतोय का?’

बाईंचा हात वर गेला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला. यंत्रातून नुसती खरखर येत होती. शेवटी लेकीनेच तो हात धरून खाली घेतला.