शोकेसमधला फोटो

माझं आणि नवऱ्याचं जमलं ते जुन्या प्रेमविनोदी चित्रपटांमुळे, असं आम्ही चारचौघांत सांगतो. त्यात माझ्या एका फोटोचाही हात होता, पण ते सांगायला आता मला आवडत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी घाटकोपर स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत तो नोकरीला होता. लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग, मुरुमं, काळवंडलेली वर्तुळं पुसून फोटो उजळ करायचं त्याचं काम. गिऱ्हाईक नसलं की तो मालकांच्या छोट्या टीव्हीवर कृष्णधवल चित्रपट लावायचा. मी नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला गेले होते, आणि तो तयार होईपर्यंत अर्धा चित्रपट बघून झाला. उरलेला अर्धा बघायला दुसऱ्या दिवशी गेले. मग जातच राहिले.

त्या सगळ्या चित्रपटांचा साचा एकच होता. चाळीतली एक चुणचुणीत मुलगी. तिला नाव कमवायचंय, पण कशात, ते तिचं तिलाही माहीत नाही. ती काहीतरी आचरटपणा करते, म्हणजे साबणाच्या वेष्टनावर स्वतःचा फोटो छापून घेते, नाहीतर आपल्याबद्दल खोटीच बातमी पेपरात देते, आणि बघता बघता शहरभर तिचं नाव होतं. मग हार, टाळ्या, मोटारी. शेवटी त्या सगळ्याला विटून ती चाळीत परत येते, तर जिन्यात एक साधासुधा मुलगा तिची वाट बघत बसलेला. आम्ही पोट धरधरून हसायचो. शेवट मात्र मला कधी पटला नाही. प्रसिद्धीची हाव धरणाऱ्या मुलीची दोन तास टर उडवायची आणि नायकाचं नाव मात्र पहिल्याच पाटीवर पडदाभर अक्षरांत झळकवायचं! त्याच्या हावेवर कोणी विनोद करत नव्हतं.

मला ते झोंबायचं, कारण मलाही तीच खाज होती. खोटं कशाला बोलू? स्टुडिओच्या मालकांनी "तुमचा एक मोठा काढू, शोकेसमध्ये लावू" म्हटल्यावर मी आढेवेढे घेतल्याचं नाटकसुद्धा केलं नाही. मावशीची पिवळी साडी नेसले, झुमके घातले आणि मान जरा तिरकी करून बसले. त्याने फोटो उजळला, हनुवटीवरचा पुरळ पुसला, पण डाव्या भुवईतला व्रण तसाच ठेवला. सहा वर्षांची असताना पवईच्या एका बागेत झोक्याची फळी लागली होती, त्याचा तो व्रण. का ठेवलास, म्हणून विचारलं तर म्हणाला, "तो गेला तर तू कशी ओळखू येणार?"

फोटो शोकेसच्या बरोबर मधोमध लागला. त्यानंतर बाजारातून कोणत्याही दिशेला जायचं असलं तरी माझा रस्ता त्याच दुकानावरून जाऊ लागला. एकदा एका भाजीवालीने "तुम्ही त्या फोटोतल्या ना?" असं विचारलं, तर आठवडाभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत. हौसेला मोल नाही म्हणतात तशी गत. वर्षभरात मी त्याच्याशी लग्न केलं, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले, आणि फोटो काचेमागे तरुणच राहिला.

सात-आठ वर्षांनी एक दिवस तो दिसेना. नवरा म्हणाला, उन्हाने रंग उडाला होता, टाकून दिला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. बायकोचा चेहरा कचऱ्यात टाकतो म्हणजे काय? मग संसाराच्या धबडग्यात मीही विसरले.

मागच्या वर्षी शाळेत मतदार यादीच्या पडताळणीचं काम आलं. शिकवणं सोडून बाकी सगळं करायचं, हा आमच्या नोकरीचा अलिखित नियमच आहे. माझ्या वाट्याला घाटकोपरच्या टेकडीवरची वस्ती आली. एका माणसाला जेमतेम जाता येईल एवढ्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दारं. हातातल्या यादीत प्रत्येक नावासमोर टपाल तिकिटाएवढा करडा फोटो. घरोघरी जायचं, माणूस आहे का बघायचं, सही घ्यायची. गेलेल्यांच्या नावासमोर 'मयत' अशी खूण करायची, म्हणजे पुढच्या यादीतून नाव आणि फोटो दोन्ही निघतात. सरकारी यादीत माणसं सहजासहजी मरत नाहीत. दहा-दहा वर्षं मतदार म्हणून राहतात.

वरच्या अंगाच्या एका खोलीत सत्तरीची एक बाई एकटी राहत होती. दुपारचे तीन वाजले असतील. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत उदबत्तीचा धूर. यादीत त्या घरात दोन नावं होती, तिचं आणि तिच्या मुलीचं. तिच्या नावासमोर तिचा अंगठा घेतला.

"मावशी, मुलगी कुठे असते?" मी विचारलं.

"ही काय," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीमागे बोट दाखवलं.

मी वळले. भिंतीवर मी होते.

तिरकी मान, तेच ओठ मिटून हसणं. वर चंदनाचा हार आणि लाल मिणमिणता बल्ब. कानातले झुमके नव्हते, कपाळावर मोठी टिकली आली होती, साडी पांढरी झाली होती. पण चेहरा माझा होता आणि डाव्या भुवईत व्रण होता. मी पत्र्याच्या भिंतीला हात टेकला. मला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. आपण केव्हाच गेलोय आणि आपल्याला सांगायचं राहून गेलंय, असं क्षणभर खरोखरच वाटलं. फोटोसमोर वाटीत वरणभात होता. त्यावरून अजून वाफ येत होती.

बाई आपल्या नादात सांगू लागली. सोळा वर्षांपूर्वी पावसात मागची दरड खाली आली. ती कामावर होती, मुलगी घरात. "भांडं नाय, कपडा नाय, कायबी हाती लागलं नाय बघा. एकोनीस वर्साची व्हती." मग ती उठून फोटोजवळ गेली आणि काचेवर बोट टेकवलं. "ही भुवई बघा. चार वर्साची असंल. गावाकडं उखळावर पडली. लई रगत गेलं. मीच हळद दाबली, तवा थांबलं."

तिचं बोट माझ्या झोक्याच्या व्रणावर होतं. माझा हात आपोआप चष्म्याच्या दांडीवरून भुवईकडे गेला. तिथे खरंच ठणकल्यासारखं झालं.

आता जे लिहिते आहे त्याची मला लाज वाटते. मी चष्मा काढला. पदराने पुसायचं निमित्त केलं आणि दाराच्या उजेडात तोंड करून उभी राहिले. तिने मला ओळखावं असं मला वाटत होतं. घाबरलेली होते तरी वाटत होतं. तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"धूर लागला का वो डोळ्याला? थांबा, उदबत्ती जरा लांब करते."

पंचवीस वर्षांत माझी एवढी वाट लागली होती तर! घाबरलेल्या अवस्थेतही मला राग आला. मग मी यादीत नजर घातली. तिच्या मुलीच्या नावासमोर तो छोटा फोटो होता. चौकोनी चेहरा, बारीक डोळे, नाक बसकं, आणि असल्या फोटोंत कधीच नसतं असं हसू, दात दिसतील एवढं. माझ्याशी तिचं कणभरही साम्य नव्हतं. भुवया दोन्ही अखंड होत्या. "मावशी, एक कागद राहिलाय, पुन्हा येते," असं काहीतरी पुटपुटून मी पायऱ्या उतरले.

घरी आल्यावर हातपाय धुतले तरी उदबत्तीचा वास जाईना. आरशासमोर उभं राहायचं मी टाळलं. नवऱ्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "माझा फोटो कुणाला दिलास?"

त्याने ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. कप खाली ठेवला.

"दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आली होती ती," तो म्हणाला. "दुपारभर शोकेससमोर उभी. मग आत येऊन म्हणाली, माझी पोर अशीच होती, हा द्या. मी म्हटलं, मावशी, ही माझी बायको आहे. तर म्हणाली, ते कळतंय मला. पण विधीला पुढ्यात ठेवायला चेहरा नाही माझ्याकडे."

"आणि तू देऊन टाकलास?"

"काय करणार होतो? झुमके काढले, टिकली मोठी केली, साडी बदलली."

"आणि मला सांगितलंस टाकून दिला!"

"अगं, जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. तू नको म्हणाली असतीस."

"मग व्रण का ठेवलास? सगळं पुसलंस, तोच का नाही?"

त्याने कपाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तो पुसायला माझा हात धजला नाही," म्हणाला.

मला त्याचा संताप आला आणि त्याच वेळी त्याच्याविषयी माया दाटून आली. दोन्ही एकदम आल्यावर माणूस बोलू शकत नाही, नुसता भांडी आपटतो. आमच्या त्या चित्रपटांतली मुलगी प्रसिद्धी सोडून घरी येते आणि पडदा पडतो. तिचे वाटलेले फोटो कुणाकुणाच्या घरी जातात, तिथे पुढे त्यांचं काय होतं, हे कोणी दाखवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला यादीतला फोटो दाखवला आणि मोठा करून मागितला. हे नियमात बसत नव्हतं, हे मला माहीत होतं. पण मुलगी गेली हे आईनेच सांगितलं होतं. मला शनिवारपर्यंत खूण करायची होती, आणि एकदा ती केली की त्या पोरीचा जगातला एकुलता एक खरा चेहरा यादीतून निघून जाणार होता. तिच्या आईला तो मिळायला हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेवढंच होतं म्हणणंही खोटं ठरेल. मला त्या भिंतीवरून खाली उतरायचंही होतं. चार दिवस मला स्वप्नात वरणभाताची वाफ दिसत होती.

नवरा दोन दिवस संगणकासमोर बसला. करड्या ठिपक्यांतून हळूहळू ती पोर वर आली. "ह्यात मी काही उजळलेलं नाही," त्याने दोनदा सांगितलं. फ्रेमही त्यानेच केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादा चेहरा जसाच्या तसा ठेवला असेल.

शनिवारी दुपारी मी पुन्हा टेकडी चढले. बाईने चहा टाकला. भिंतीकडे पाठ येईल अशी मी बसले, पण मानेवर कोणाची तरी नजर आहेसं वाटतच होतं. मी पिशवीतून फ्रेम काढून तिच्या हातात दिली.

"मावशी, ही तुमची मुलगी. सरकारी यादीतला फोटो आहे. तिने स्वतः काढून घेतलेला."

तिने हात पदराला पुसले. दोऱ्याने बांधलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फ्रेम दारातल्या उजेडात धरली. खूप वेळ बघत राहिली. अंगठा त्या हसऱ्या तोंडावरून फिरवला. स्टोव्हवर चहा उकळून वर आला, तिने तिकडे पाहिलं नाही. मी उठून तो बंद केला. आता ती रडेल, तिला सावरायचं कसं, याचाच मी विचार करत होते.

"चांगली हाय पोर," ती शेवटी म्हणाली. "हसरी हाय. कुनाची?"

मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी तिच्या मुलीचं नाव घेतलं, वडिलांचं नाव, आडनाव, घराचा नंबर सगळं वाचून दाखवलं. यादीतली ओळ तिच्यापुढे धरली.

"नाव एकच आसंल," ती म्हणाली आणि माझी कीव केल्यासारखी हसली. "आवो बाई, आई इसरंल का लेकीचं तोंड?"

तिने माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते जन्मात माझ्याकडे बघताना कोणाच्या डोळ्यांत आलं नव्हतं, माझ्या आईच्याही नाही. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. मी मान खाली घालून कागद पुढे केला. तिने अंगठा उठवला आणि मी त्या पोरीच्या नावासमोर खूण केली.

मी निघाले तेव्हा तिने फ्रेमची काच पदराने स्वच्छ पुसली आणि ती माझ्या हातात परत दिली.

"जपून न्या," ती म्हणाली. "हिच्या आईला नेऊन द्या. शोधत आसंल बिचारी."